धर्मासाठी लढताना मेलेला प्रत्येक ख्रिस्ती माणूस हुतात्मा ठरतो का?

नाही. हातात शस्त्र घेऊन रणात पडलेल्याला चर्च सहसा हुतात्मा मानत नाही. श्रद्धा सोडायला नकार दिला म्हणून ज्याला मारलं आणि ज्याने उलटा वार केला नाही, तो हुतात्मा. पहिला मान स्तेफनाचा. जेरुसलेममध्ये दगडांचा मारा होत असताना त्याने मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली.

मला सगळ्यात जास्त हलवते ती पर्पेतुआ. इ.स. 203, रोमन सत्तेखालचं उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज शहर. वय साधारण 22, अंगावर पिणारं बाळ. म्हातारे वडील तुरुंगात येऊन पाया पडतात, 'माझ्या पिकल्या केसांकडे बघ' म्हणतात. वडिलांचं दुःख तिला असह्य होतं, तरी ती 'मी ख्रिस्ती आहे' हे वाक्य मागे घेत नाही. हे सगळं तिच्या स्वतःच्या तुरुंगातल्या लिखाणातून आपल्यापर्यंत आलंय. तिच्यासोबत फेलिसितास नावाची गुलाम स्त्रीही होती, तुरुंगातच बाळंत झालेली. चर्चच्या स्मरणात दोघींचं नाव आजही जोडीनेच घेतलं जातं.

आणखी एक गैरसमज: आपणहून मरण ओढवून घेणं म्हणजे हौतात्म्य नव्हे. स्मुर्ना (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) इथल्या बिशप पॉलिकार्प यांच्या मृत्यूच्या जुन्या वृत्तांतात क्विंटस नावाचा माणूस स्वतःहून पुढे जातो, पण ख्रिस्ती लोकांवर सोडली जाणारी श्वापदं पाहून कच खातो. असं स्वतःला हवाली करणं आम्हाला मान्य नाही, असं तो वृत्तांत स्पष्ट सांगतो.

आपल्याकडचं नाव म्हणजे वसईचे गोन्सालो गार्सिया. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत 25 साथीदारांसह त्यांना क्रुसावर मारलं गेलं. 1862 मध्ये त्यांना संतपद मिळालं.