वाचक विचारतात : दुपारची वीज आणि संध्याकाळची वीज

प्रश्न : वीज एक्स्चेंजचे दर मोबाईलवर पाहतो. दुपारी युनिटला दोन-अडीच रुपये, तर रात्री आठच्या सुमारास कधी कधी थेट दहा. घरच्या बिलात मात्र दुपारच्या त्या भावाच्या कितीतरी वरचा दर लागतो. मधले पैसे जातात कुठे? (एक ग्राहक, सांगली)

उत्तर : एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या घाऊक बाजारात, देशातल्या एकूण विजेचा दहावा हिस्साही विकला जात नाही. बाकीची बहुतेक वीज वितरण कंपन्यांनी दीर्घ मुदतीच्या करारांनी बांधून घेतलेली असते, आणि कोळशाच्या वीजकेंद्रांशी झालेल्या करारात दोन हिशेब वेगळे चालतात. एक क्षमता आकार : केंद्र ठरलेल्या प्रमाणात, साधारण ८५ टक्के, उपलब्ध राहिलं की वीज घेतली काय, न घेतली काय, तो द्यावाच लागतो. दुसरा इंधनाचा खर्च : जेवढी वीज घेतली तेवढाच.

उदाहरणाने पाहा. ५०० मेगावॅटचं केंद्र ८५ टक्के चाललं तर वर्षाला सुमारे ३७२ कोटी युनिट होतात. क्षमता आकार युनिटमागे १ रुपया ६० पैसे धरला, तर वर्षाचं देणं सुमारे ५९६ कोटी रुपये. सौर वीज आली, वर्षभरात केंद्राकडून दोन तृतीयांशच वीज घेतली, तरी ५९६ कोटी तसेच राहतात. फक्त आता ते २४८ कोटी युनिटवर पसरतात, म्हणजे युनिटला २ रुपये ४० पैसे. एक्स्चेंजवर २ रुपये २० पैशांनी वीज मिळत असेल आणि केंद्राचा इंधनखर्च साडेतीन रुपये असेल, तर कंपनीची बचत १ रुपया ३० पैशांचीच. ती घ्यायलाच हवी, पण तिने तुमचं बिल दोन रुपयांवर येत नाही.

शिवाय ते केंद्र दुपारी पूर्ण बंदही करता येत नाही. थंड झालेला बॉयलर पुन्हा पेटवून पूर्ण भार घ्यायला कित्येक तास लागतात, आणि संध्याकाळी सूर्य मावळताच हीच वीज लागते. म्हणून ते किमान ५५ टक्क्यांवर, म्हणजे आपल्या उदाहरणात २७५ मेगावॅटवर, चालत ठेवतात. यावर मग वहन आकार, गळती, शेतीपंपांसारख्या सवलतीच्या विजेचा भार आणि घरगुती बिलावरचं १६ टक्के वीज शुल्क चढतं.

दिवसरात्र एकच दर मात्र बदलायलाच हवा, असं आमचं ठाम मत आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी तशी दिशा दिली आहे : सौर तासांत नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी, आणि मागणीच्या ऐन तासांत घरगुती ग्राहकाला किमान १.१ पट, तर व्यापारी व औद्योगिक ग्राहकाला १.२ पट दर. तास कोणते, हे राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. घरी स्मार्ट मीटर बसला असेल तर बिलावर ‘टीओडी’ची (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार दराची) ओळ शोधा. जुना मीटर तास मोजतच नाही, त्यामुळे ही सवलत त्याच्यावर देता येत नाही.

प्रश्न : एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रबंधासाठी ‘सौर विजेमुळे बाजारभाव किती उतरतो’ हा विषय घेतला आहे. सौर निर्मिती आणि भाव यांचं समाश्रयण (रिग्रेशन) केलं, तर कधी उत्तर उलटं येतं. कुठे चुकतं? (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : आधी भाव कसा ठरतो ते पक्कं करा. डे-अहेड बाजारात उद्याचा दिवस १५ मिनिटांच्या ९६ ब्लॉकमध्ये विभागलेला असतो. प्रत्येक ब्लॉकसाठी विकणारे आणि घेणारे बंद बोली देतात. पुरवठा स्वस्ताकडून महागाकडे आणि मागणी महागाकडून स्वस्ताकडे रचली की दोन रेषा जिथे छेदतात, तो भाव त्या क्षेत्रात सगळ्यांना लागतो. बाजार समितीत कांद्याच्या प्रत्येक वक्कलाचा वेगळा लिलाव होतो, तसं इथे नाही. शून्य इंधनखर्चाच्या सौर विजेलाही शेवटच्या महाग केंद्राचाच भाव मिळतो.

उलटं उत्तर बहुधा उन्हामुळे येतं. कडक ऊन पडलं की सौर निर्मिती वाढते, पण त्याच वेळी एसी आणि पंपही वाढतात. म्हणून तापमान घ्या, आणि प्रत्येक ब्लॉक व प्रत्येक महिन्यासाठी वेगळा स्थिरांक ठेवा. दुसरी अडचण जास्त खोल आहे. वीज जास्त झाली की सौर निर्मिती कापली जाते. म्हणजे नोंदलेली निर्मिती स्वतःच बाजाराच्या स्थितीवर अवलंबून राहते. त्यावर उपाय म्हणजे उपग्रह आणि हवामान प्रतिमानांमधून मिळणारी सूर्यप्रारणाची आकडेवारी साधनचल म्हणून, म्हणजे सौर निर्मिती ठरवणारं पण बाजाराच्या स्थितीने न बदलणारं चल म्हणून, वापरणं. ढग बाजारभाव पाहून येत नाहीत.

मग कमाल मर्यादा. एप्रिल २०२२ मध्ये भाव १२ रुपयांवर आणि एप्रिल २०२३ मध्ये १० रुपयांवर रोखला गेला. ज्या ब्लॉकमध्ये १० दिसतात, तिथे खरी टंचाई किती होती ते भावातून कळतच नाही. अशा नोंदी साध्या सरासरीत मिसळल्या तर संध्याकाळची टंचाई कमी दिसते. टोबिटसारखं मर्यादित चलाचं प्रतिमान वापरा, आणि खरेदीच्या किती बोली अपुऱ्या राहिल्या ते वेगळं मोजा.

किरकोळ वाटणाऱ्या चुका निकाल बिघडवतात. पारेषण मार्गावर कोंडी झाली की क्षेत्रांचे भाव वेगळे होतात. महाराष्ट्रासाठी तो ज्यात मोडतो त्या डब्ल्यू-२ या एक्स्चेंजच्या क्षेत्राचाच भाव घ्या. सरासरी काढताना विकल्या गेलेल्या युनिटांचा भार द्या. दिवाळी २०२३ मध्ये नोव्हेंबरच्या मध्याला होती, २०२४ मध्ये नोव्हेंबरच्या सुरुवातीला. तारखेशी तारीख जुळवली तर कारखान्यांच्या सुट्ट्यांचा परिणाम तुम्ही सूर्याच्या नावावर टाकाल. २०२० ची टाळेबंदी वेगळी काढा.

प्रश्न : कोळशावर टनामागे ४०० रुपये उपकर होता. त्याने वीजनिर्मितीतला कोळसा का कमी झाला नाही? (एक शिक्षक, नाशिक)

उत्तर : कारण कोणत्या केंद्राची वीज आधी घ्यायची, हा स्वस्ताकडून महागाकडे लावलेला क्रमच त्याने बदलला नाही. युनिटला साधारण ६७० ग्रॅम कोळसा धरला तर उपकर २७ पैशांचा. तो कोळशाच्या सगळ्याच केंद्रांना थोड्याफार फरकाने लागला. सौर आणि पवन तशीही आधी घेतली जातात, आणि आयात गॅसवरची वीज कोळशाच्या दुपटीहून महाग. २७ पैशांत कोणीही कोणाच्या पुढे गेलं नाही. ब्रिटनमध्ये २०१२ साली जवळपास दोन पंचमांश वीज कोळशाची होती. तिथे कोळसा आणि गॅस यांच्या खर्चातलं अंतर कमी होतं. २०१३ पासून कार्बनचा किमान दर लागू झाला, २०१५ मध्ये सरकारी अधिभार कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे १८ पौंड झाला आणि गॅस पुढे सरकला. शेवटचं कोळसा केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. आपला उपकर शिवाय कार्बनवर नसून कोळशाच्या वजनावर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला.

प्रश्न : वॉशिंग मशीन रात्रीऐवजी दुपारी लावलं तर धूर खरंच कमी होतो का? (गृहिणी, ठाणे)

उत्तर : रोज नाही. तुमच्या वाढीव युनिटसाठी त्या क्षणी कोणतं केंद्र वर चढतं, यावर ते ठरतं. दुपारीही बहुधा कोळशाचंच केंद्र थोडं चढतं, आणि तेव्हा फरक नगण्य. कोळसा किमान पातळीवर आलेला असेल आणि सौर वीज कापली जात असेल, तेव्हा मात्र हलवलेल्या प्रत्येक युनिटमागे सुमारे ०.९५ किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. अशी वेळ रविवारी दुपारी आणि पावसाळ्यात वारा चांगला असताना येण्याचा संभव जास्त. रोजच्या रोज खात्रीने वाचवायचं असेल तर मशीनचा हीटर बंद ठेवा : गरम पाण्याच्या धुण्यात बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते.