उठा म्हटलं म्हणून उठू नका : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पेरणीचे दिवस जवळ आले की खान्देशातून येणारी पत्रे एका वळणाची होतात. वावर सोडा, दुकान खाली करा, गाडी उचला, खोली मोकळी करा. पत्र लिहिणारी माणसे त्या जागेवर वीस-तीस वर्षे, काही तर तीन पिढ्या राबलेली असतात आणि चूल त्याच जागेवर पेटते. म्हणून या वेळी याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत. एक गोष्ट मात्र सगळ्यांनाच आधी सांगतो. मालकाला किंवा सरकारला जागा परत मागण्याचा हक्क असू शकतो. पण ती स्वतःच्या हाताने हिसकावून घेण्याचा हक्क कुणालाच नाही. मागणे आणि घेणे यांच्या मध्ये तहसीलदार, समिती किंवा न्यायालय उभे आहे, आणि तुमचा खरा बचाव तिथेच होतो.

प्रश्न : आम्ही पावरा आदिवासी. धडगाव तालुक्यात आजोबांपासून जंगलातली जमीन कसतो. वनहक्काचा दावा केला होता. ‘पुरावा अपुरा’ म्हणून उपविभागीय समितीने तो फेटाळला असे तोंडी कळले, हातात कागद नाही. आता वनरक्षक म्हणतात, यंदा पेरू नका. पेरावे की नाही?

वनहक्क कायदा 2006 च्या कलम 4(5) मध्ये स्पष्ट लिहिले आहे की दाव्याची पडताळणी आणि मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कुणालाही कसत असलेल्या वनजमिनीवरून काढता येणार नाही. उपविभागीय समितीने नाही म्हटले म्हणजे प्रक्रिया संपली असे होत नाही. त्या निर्णयाविरुद्ध 60 दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येते, सबळ कारण असेल तर आणखी 30 दिवस मिळू शकतात. तुमचा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. राज्यपालांच्या 2020 च्या अधिसूचनेमुळे अशा क्षेत्रात जिल्हा समितीच्या निर्णयावरही विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अपील करता येते. तेव्हा पेरा. पण नवे झाड तोडू नका आणि बांध पुढे सरकवू नका, कारण संरक्षण तुमच्या जुन्या ताब्याला आहे.

तोंडी नकाराला मी नकार मानत नाही, तुम्हीही मानू नका. दावा फेटाळला तर कारणांसह तो निर्णय दावेदाराला व्यक्तिशः कळवला पाहिजे असे 2012 मध्ये दुरुस्त झालेले नियम सांगतात. उद्याच प्रांत (उपविभागीय अधिकारी) कार्यालयात लेखी अर्ज द्या, ‘निर्णयाची प्रत मिळालेली नाही, ती द्यावी’ इतकेच लिहा आणि पोच घ्या. अर्ज नुसता देऊन परत येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही हवी. पुढे अपिलाला उशीर झाल्याचा मुद्दा निघाला तर हीच पोच तुमच्या कामी येईल.

आता पुराव्याचे. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताबा होता हे दाखवायचे आहे. पुष्कळ ठिकाणी उपग्रहाच्या छायाचित्रात शेत दिसत नाही म्हणून दावे अडवले जातात, तसे करता येत नाही. नियमांनुसार उपग्रह छायाचित्र हा इतर पुराव्यांना जोड देणारा पुरावा आहे, तो त्यांची जागा घेत नाही. तसेच अमुकच कागद आणा असा हट्टही समितीला धरता येत नाही. नियम 13 मधले एकाहून अधिक पुरावे असले की पुरे. जुन्या वनगुन्ह्याची दंडपावती चालते. ज्या पावतीची लोकांना लाज वाटते तीच तारखेसह ताबा सिद्ध करते, म्हणून घरातल्या पेट्या उघडून शोधा. दगडी बांध, सपाट केलेले वावर, झोपडी, विहीर या खुणा चालतात. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो, मात्र तो दावेदाराचा स्वतःचा नसावा. वनहक्क समितीने स्थळपाहणी केली असेल तर तिचा पंचनामा आणि ग्रामसभेचा ठरावही जोडा.

फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना काढण्याचा आदेश दिला होता आणि सातपुड्यात पाड्यापाड्यांत घबराट पसरली होती. 13 फेब्रुवारीच्या त्या आदेशाला 28 फेब्रुवारीलाच न्यायालयाने स्थगिती दिली. त्या वेळचे जुने कात्रण दाखवून कुणी दम देत असेल तर ही दुसरी तारीखही त्यांना सांगा. वनहक्काचा पट्टा मिळाला की तो पती-पत्नी दोघांच्या नावाने असतो, 4 हेक्टरपर्यंत असतो, वारसांना जातो, विकता येत नाही. घरातल्या बाईचे नाव पट्ट्यावर आले का, हे आठवणीने बघा.

प्रश्न : चोपडा तालुक्यात आजोबा 1957 च्या आधीपासून कूळ होते. सातबाऱ्यावर इतर हक्कात त्यांचे नाव आजही आहे. मालकाचे वारस पुण्याला असतात, ते जमीन विकायला निघाले आहेत आणि पैसे घेऊन स्टँपवर सही करा म्हणतात.

सही करू नका. कुळाने जमीन सोडायची तर महाराष्ट्र (पूर्वीचे नाव मुंबई) कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम 1948 च्या कलम 15 प्रमाणे राजीनामा लेखी असावा लागतो आणि तहसीलदारासमोर त्याची खातरजमा व्हावी लागते. घरी बसून घेतलेल्या स्टँपपेपरला ती किंमत नाही. पण एकदा सही झाली की तीच पुढे करून तुम्हाला वर्षानुवर्षे झुंजवतात. एवढ्यासाठीच ती टाळायची.

तुमचा हक्क याहून मोठा आहे. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी जमीन प्रत्यक्ष कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मानीव खरेदीदार झाले, म्हणजे ती त्यांनीच विकत घेतली असे मानले गेले. राहिले ते कलम 32-ग ची चौकशी होऊन किंमत ठरणे, ती भरणे आणि 32-म चे प्रमाणपत्र मिळणे. खान्देशात शेकडो घरांत हे शेवटचे टप्पे तसेच राहून गेले. कुणी निरक्षर होते, कुणाचा मालकावर विश्वास होता, कुणाला वाटले नाव सातबाऱ्यावर आहे म्हणजे झाले.

आधी आजोबांच्या आणि वडिलांच्या मृत्यूनंतर वारसनोंद करून घ्या. कूळहक्क वारसांकडे येतो. मग तालुक्याच्या अभिलेख कक्षातून 1950 पासूनचे सातबारे, गाव नमुना 7-अ (कुळांची नोंदवही) आणि सगळे फेरफार यांच्या नकला काढा. त्या काळात मालक विधवा, अज्ञान (अल्पवयीन) किंवा अपंग होता का, हे फेरफारांतून शोधा, कारण तसे असेल तर खरेदीची तारीख पुढे ढकलली जाते आणि मुदतींचा हिशेब बदलतो. इथे अनुभवी महसुली वकील लागेल, त्यात काटकसर नको. त्यानंतर तहसीलदारांकडे 32-ग साठी अर्ज करा.

वारसांनी दरम्यान जमीन विकलीच, तरी घेणारा तुमच्या हक्कांसकट घेतो. कलम 29 प्रमाणे तहसीलदाराच्या आदेशाशिवाय मालकाला ताबा घेता येत नाही. तुम्हाला जबरदस्तीने काढले तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडेच दाद मागा, तो स्वस्त आणि जवळचा मार्ग आहे.

अलीकडे तोंडी बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसणाऱ्यांची पत्रेही येतात. त्यांची स्थिती नाजूक आहे. ई-पीक पाहणी खातेदाराच्या नावाने होते, म्हणून कसणारा कागदावर दिसतच नाही. निदान वाटा दिल्याची चिठ्ठी, बियाणे-खताची स्वतःच्या नावाची बिले, बाजार समितीची पट्टी हे तरी जपा.

प्रश्न : 12 वर्षे ताबा असला की जागा आपली होते ना?

बहुतेक वेळा नाही. त्यासाठी ताबा खऱ्या मालकाच्या विरुद्ध, उघड आणि अखंड हवा. कूळ, भाडेकरू, सालदार (वर्षाच्या बोलीवरचा शेतमजूर) हे मालकाच्या परवानगीने बसलेले असतात, त्यामुळे त्यांना हा दावा सहसा जमत नाही. उलट तो केला की ‘मी कूळ आहे’ हे तुमचेच म्हणणे कमकुवत होते. सरकारी जागेला ही मुदत 30 वर्षांची आहे आणि न्यायालये तिथे फार कडक असतात.

प्रश्न : भुसावळला वडिलांनी 35 वर्षे भाड्याच्या दुकानात शिलाईकाम केले, मीही त्यांच्यासोबतच बसायचो. वडील गेल्यावर मालक भाडे घेत नाहीत आणि ‘करार वडिलांशी होता’ म्हणतात. मागच्या आठवड्यात वीजही तोडली.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 मध्ये भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत त्याच जागेत धंदा करणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो. म्हणजे तुम्ही. गिऱ्हाइकांची बिले, दुकान परवाना, शेजारच्या दोन दुकानदारांचे जबाब हे सोबत काम केल्याचे पुरावे म्हणून ठेवा.

मालक भाडे घेत नसेल तर दर महिन्याला मनीऑर्डरने पाठवा. परत आली तर परतीचा शेरा असलेली पावती तशीच फाइलला लावा. भाडे देण्याची तयारी आहे तोवर तुमचा बचाव भक्कम आहे. थकबाकीच्या कारणावर दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस देऊन 90 दिवस थांबावे लागते. दावा झालाच तरी समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी, 15 टक्के साधे व्याज आणि खर्च न्यायालयात भरला तर त्या कारणावर जागा जात नाही. नोटीस पाकिटातच ठेवून देणारे लोक इथे हरतात. वीज तोडणे ही अत्यावश्यक सेवा अडवणे आहे, कलम 29 खाली न्यायालयाकडून ती परत जोडून घेता येते. मालकाला दुकान खरोखर स्वतःसाठी हवे असले तरी जास्त हाल कुणाचे होतील हे न्यायालय तोलते.

दुकान सहा महिने बंद ठेवू नका, वापर नसणे हे काढण्याचे स्वतंत्र कारण आहे. आणि जागा महापालिकेची किंवा सरकारची असेल तर हा कायदा लागूच होत नाही. महापालिका संकुलातल्या गाळेधारकांनी यातले वाचून निश्चिंत होऊ नये, त्यांचा करार आणि महापालिका अधिनियम पाहावा लागेल.

प्रश्न : मी भाजी विकते. वीस वर्षांपासून एकाच चौकात हातगाडी. अतिक्रमण पथकाने गाडी मालासकट नेली, तीन दिवसांनी दंड घेऊन सोडली. भाजी सडली. माझ्याकडे प्रमाणपत्र नाही.

ताई, प्रमाणपत्र नाही म्हणजे हक्क नाही, असे समजू नका. पथविक्रेता अधिनियम 2014 सांगतो की शहरातल्या विक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणालाही उठवायचे नाही, हलवायचे नाही. पुढेही हलवायचे झाले तर 30 दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर त्याची यादी हातात द्यायची. नाशवंत माल मागणी केल्यावर त्याच दिवशी, इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करायचा. तुमच्या बाबतीत हे झाले नाही. दंडाची पावती जपा, तीवरची तारीख आणि चौक हा तुमचा पुरावा आहे. आपले नाव सर्वेक्षणात आहे का, हे नगरपालिकेला लेखी विचारा, नसेल तर नोंदवण्याची मागणी करा. नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या आहेत. तुमच्या चौकातल्या बायांनी मिळून अर्ज केला तर त्याला वजन येईल. फूटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच मान्य केले की पोटापाण्याचे साधन हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अर्जात ते जरूर लिहा. रेल्वेच्या हद्दीत बसत असाल तर मात्र हा कायदा लागू नाही.

प्रश्न : रावेर भागात केळीच्या मळ्यावर 24 वर्षे सालदार आहे. गावात मालकाच्याच जागेवर स्वतःच्या पैशाने दोन खोल्या बांधल्या. मालकाने जागा विकली. नवा मालक आठ दिवसांत निघा म्हणतो.

सालदार मजुरीवर असतो, म्हणून त्याला शेताचे कूळ म्हणता येत नाही. मळ्यावर तुमचा हक्क सांगू नका, त्याने घराची बाजू बिघडेल. पण घराचे वेगळे आहे, आणि ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. कूळ कायद्याची कलमे 16 आणि 17 मालकाच्या जागेवर कुळाने स्वखर्चाने बांधलेल्या घराला संरक्षण देतात, आणि कलम 18 हेच संरक्षण गावातल्या शेतमजुरांना व कारागिरांना लागू करते. घर तुम्ही बांधलेले नाही असे मालकाला सिद्ध करावे लागते. शिवाय जागा विकायची ठरली तर ती विकत घेण्याची पहिली संधी घर बांधणाऱ्याला द्यायची असते. तुम्हाला विचारलेच नाही, हा मुद्दा अर्जात सगळ्यात वर घ्या.

विटा-सिमेंटच्या पावत्या नसतील तर गवंड्याचा जबाब घ्या. ग्रामपंचायतीचा नमुना 8, घरपट्टी, वीजबिल, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले जमवा. तहसीलदारांकडे अर्ज करा, दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागता येईल का हेही विचारा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. आदिवासी, अनुसूचित जाती आणि महिलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. आणि आठ दिवसांच्या धमकीने घर सोडून नातेवाइकांकडे राहायला जाऊ नका. एकदा कुलूप दुसऱ्याचे लागले की सहा महिन्यांत परत ताब्यासाठी दावा करावा लागतो, आणि बाहेर बसून तो लढणे आत राहून लढण्यापेक्षा कितीतरी अवघड जाते.