जपानी आकडे पाठ झाले, पण वस्तू मोजताना शब्द बदलतात. आधी काय शिकावं?

एनफाइव्हची, म्हणजे जपानीच्या परीक्षेतल्या सर्वांत सोप्या पातळीची, तयारी चालू आहे, १ ते १०० येतं, पण पेन्सिलींना वेगळा शब्द, कागदांना वेगळा, माणसांना तिसराच हे बघून घाबरायला झालं, असं तुम्ही लिहिलंय. ते तक्ते तूर्त मिटून ठेवा.

आधी हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु, योत्त्सु, इत्सुत्सु, मुत्त्सु, नानात्सु, यात्त्सु, कोकोनोत्सु, तोओ एवढं घोका. हे मूळचे जपानी आकडे. इचि-नि-सान (१-२-३) चिनीतून आले. 'कोही फुतात्सु कुदासाइ' म्हटलं की दोन कॉफ्या येतात, पुढे काय जोडायचं याचा विचारच नको. माणसांना मात्र हे चालत नाही. एकटा हितोरी, दोघं फुतारी, मग सान्निन, योनिन. दोघं-तिघं-चौघं म्हणणाऱ्या आपल्याला ते जड जाऊ नये.

मग लांबट वस्तूंचा 'होन' घ्या: छत्र्या, बाटल्या, पेन्सिली. इप्पोन (१), निहोन (२), सान्बोन (३), रोप्पोन (६), हाप्पोन (८). आता शेकडे म्हणून बघा: सान्ब्याकु, रोप्प्याकु, हाप्प्याकु. ३ ला 'ब', ६ आणि ८ ला 'प्प', तीच चाल. कुत्र्या-मांजरांचा 'हिकी'ही तसाच वळतो: सान्बिकी, रोप्पिकी, हाप्पिकी. चपट्या वस्तूंच्या 'माइ'ला तर काहीच बदल नाही.

खरी मेहनत मोठ्या आकड्यांवर करा. जपानीत दहा हजाराला 'मान' हा स्वतंत्र शब्द आहे आणि पुढचं सगळं त्याच्यावर रचलंय. आपला लाख म्हणजे ज्यूमान, दहा लाख ह्याकुमान, कोटी इस्सेन्मान. नवा शब्द थेट दहा कोटींना येतो, इचिओकु. छापील किमतीत मात्र स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवर असतो, तिथे डोळा फसतो. म्हणून सरावाच्या वहीत उजवीकडून चार आकडे सोडून रेघ मारा: २५|०००० येन, निज्यूगोमान येन. दुकानांच्या जाहिरातींतल्या किमती अशा मोठ्याने वाचा. इंग्रजीवरून भाषांतर करू नका, लाखावरून मानावर या. आपल्याला ती वाट जवळची आहे.

तारखा शेवटी. त्सुइताचीपासून तोओकापर्यंतच्या दहा पाठच कराव्या लागतात, पण फुत्सुका, मिक्का हे फुतात्सु, मित्त्सुचेच भाऊबंद असल्यामुळे निम्मं काम झालेलं असतं. ४ तारीख योक्का, ८ तारीख योओका. ऐकताना इथेच घोळ होतो: चारला क दाबून, आठला ओ लांबवून. १४ आणि २४ लाही योक्काच येतो, ज्यूयोक्का, निज्यूयोक्का. २० ला हात्सुका.