राऊहून विजयनगरला एक्सप्रेस बस: मागायचं तर नेमकं काय मागायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंदूरजवळच्या राऊच्या पुढे नव्या वसाहतीत राहायला गेलात, नोकरी शहरातल्या विजयनगरला, आणि रोजचे जाऊन-येऊन तीन तास रस्त्यातच जातात. वसाहतीतली मंडळी महू ते विजयनगर एक्सप्रेस बस सुरू करा असं निवेदन देणार आहेत. यानं खरंच फरक पडेल का आणि निवेदनात आणखी काय घालावं, हे तुम्हाला हवंय.

फरक पडेल. पण निवेदनात नुसतं 'एक्सप्रेस बस सुरू करावी' एवढंच लिहिलंत, तर सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन फेऱ्या पदरात पडतील, पहिल्या दिवशी हार-नारळ होईल आणि काही महिन्यांत 'प्रवासी मिळत नाहीत' म्हणून ती गाडी बंद होईल. हे मी स्वतः भोगलंय. राजेंद्रनगरात राहून बावीस वर्षं मी पीथमपूरच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. आमच्या शिफ्टच्या लोकांनी खटपट करून एका खासगी बसवाल्याकडून सकाळी ७:१० ची थेट गाडी मिळवली होती. पहिला महिना सुरेख गेला. मग एक दिवस ती आलीच नाही. नंतर आठवड्यातून एकदा यायची नाही, मग दोनदा. त्या गाडीच्या मागे दुसरी थेट गाडी नव्हती, त्यामुळे ती चुकली की अर्ध्या दिवसाचा पगार गेलाच. लोक हळूहळू मोटरसायकलींकडे वळले, गाडी रिकामी धावू लागली आणि बंद झाली. त्या गाडीचा वेग उत्तम होता. तिचा भरवसा नव्हता.

म्हणून निवेदनात पहिली मागणी दोन गाड्यांमधल्या अंतराची ठेवा. हे अंतर समान असणं किती महत्त्वाचं, हे आकड्यांत बघा. तासाला तीन बस आहेत आणि त्या वीस-वीस मिनिटांनी येतात, तर थांब्यावर केव्हाही पोचलेल्या माणसाला सरासरी दहा मिनिटं उभं राहावं लागतं. त्याच तीन बस ५, ५ आणि ५० मिनिटांच्या अंतरानं आल्या, तर सरासरी वाट एकवीस मिनिटांवर जाते, कारण बहुतेक माणसं त्या पन्नास मिनिटांच्या खड्ड्यातच येऊन पडतात. बस तेवढ्याच, ड्रायव्हर तेवढेच, डिझेल तेवढंच, पण लोकांचा ताटकळण्याचा वेळ दुप्पट. कागदावर मात्र दोन्हीकडे 'तासाला तीन फेऱ्या' असंच लिहिलेलं असतं.

निवृत्त झाल्यावर मी एक उद्योग केला, तो तुम्हीही करा. राऊ सर्कलला चहाच्या टपरीशेजारी संध्याकाळी सहा ते आठ वही घेऊन बसलो, सलग पाच दिवस. चार रकाने: बस आली किती वाजता, बोर्डावर कुठलं नाव, किती उतरले, किती चढले. दुसऱ्याच दिवशी चित्र कळलं. सहा-चाळीसला महूकडे जाणाऱ्या तीन गाड्या एकीला लागून एक आल्या. पहिलीच्या दारात माणसं लोंबकळत होती, कंडक्टर अर्धा बाहेर वाकून 'महू-महू-महू, किशनगंज, बैठते जाओ' ओरडत होता. दुसरी निम्मी भरलेली, तिसरीत सात माणसं. त्यानंतर छत्तीस मिनिटं एकही नाही. त्या छत्तीस मिनिटांत थांब्यावर जमलेल्यांपैकी अकरा जण व्हॅनमध्ये बसून गेले. एक मुलगी, बहुधा कोचिंगची, तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन परत आली आणि शेवटी फोन करून घरच्यांना बोलावून घेतलं. हे अकरा जण आणि ही मुलगी कुठल्याच बसच्या हिशेबात येत नाहीत. तुमच्या वहीत येतील, आणि दोनशे सह्यांपेक्षा त्या वहीची पाच पानं अधिक काम करतील.

आता एक्सप्रेसचा हिशेब. महू ते विजयनगर साध्या बसला एका बाजूनं ७५ मिनिटं आणि टोकाला १० मिनिटं विसावा धरा. पूर्ण फेरा १७० मिनिटांचा. दर दहा मिनिटांनी बस हवी असेल तर १७ गाड्या लागतात, शिवाय दुरुस्तीसाठी दोन राखीव. आता निवडक थांबे घेणारी गाडी एका बाजूचे पंधरा मिनिटं वाचवते असं समजा. प्रत्येक थांब्याला वेग कमी करणं, दार उघडणं, चढ-उतार आणि पुन्हा वेग घेणं यात पाऊण-एक मिनिट जातं, तेव्हा पंधरा-वीस थांबे वगळले की एवढं सहज वाचतं. फेरा १४० मिनिटांचा झाला, म्हणजे त्याच १७ गाड्यांत जवळपास आठ मिनिटांना एक बस देता येते. निवेदनात हा मुद्दा ठळक करा. वेगवान बस ही प्रवाशांची चैन नाही; तीच गाडी आणि तोच ड्रायव्हर दिवसभरात जास्त फेऱ्या मारतो, त्यामुळे चालवणाऱ्याचाही त्यात फायदा आहे.

मात्र गाड्या कमी असतील तर हाच हिशेब अंगावर येतो. समजा या मार्गावर सगळ्या मिळून सहाच बस आहेत. सगळ्या साध्या चालवल्या तर अठ्ठावीस मिनिटांना एक. तीन साध्या आणि तीन एक्सप्रेस अशी वाटणी केली, तर साधी जवळजवळ तासाला एक आणि एक्सप्रेस पाऊण तासाला एक. पंधरा मिनिटं वाचवायला गेलो आणि थांब्यावर त्याहून जास्त घालवले. मधल्या थांब्यांवरच्या लोकांचे तर हालच. म्हणून गाड्या किती मिळणार हे कळल्याशिवाय 'एक्सप्रेस वेगळी, लोकल वेगळी' असा आग्रह धरू नका.

माझ्या मते आपल्या मार्गाला तिसरी पद्धत शोभते: बाहेर सगळीकडे थांबा, आत निवडक थांबा. महू, किशनगंज, राऊ, तुमची वसाहत, राजेंद्रनगर इथपर्यंत प्रत्येक थांबा घ्यायचा, कारण इथल्या माणसाला दुसरा पर्याय नाही. तिथून पुढे फक्त भंवरकुवा, नवलखा, गीता भवन, पलासिया, एलआयजी आणि विजयनगर. शहरातल्या शहरात जाणाऱ्याला सिटी बस आहे, त्यानं महूच्या गाडीत चढायची गरज नाही. तुमच्या थांब्यावर गाडी शहरातल्या गर्दीनं आधीच भरलेली येते ही तक्रारही त्यामुळे निम्मी होते. गाडी सरवटे बसस्थानकावर संपवू नका, सरळ विजयनगरपर्यंत जाऊ द्या. (जाता जाता: या स्थानकाला ज्यांचं नाव आहे ते तात्यासाहेब सरवटे आपल्या इंदूरचे, संविधान सभेचे सदस्य. नव्या मुलांना ते ठाऊक नसतं, म्हणून लिहिलं.)

'बीआरटीएस (बससाठी राखीव मार्गिका) असती तर हे सगळं लागलंच नसतं' असं तुम्ही शेवटी म्हटलंय. एबी (आग्रा-मुंबई) रोडवर राजीव गांधी चौक ते निरंजनपूर हा साडेअकरा किलोमीटरचा मार्ग २०१३ च्या मे महिन्यात सुरू झाला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर तो तोडायला सुरुवात झाली. मी त्या मार्गिकेच्या बाजूचा होतो आणि आजही आहे. कारवाल्यांची अडचण खरी होती, चौकांत कोंडी व्हायची, हे मला मान्य आहे. पण त्या मार्गिकेवरच्या एका आयबसमध्ये जेवढी माणसं उभी असायची त्यांच्या वेळेची किंमत त्या वादात फार कुणी मोजली नाही, याचं मला वाईट वाटतं. आता मार्गिका गेली. तिच्यामुळे कळलेल्या दोन गोष्टी मात्र कुठेही करता येतात. पहिली, तिकीट चढण्याआधी. आयबसच्या स्टेशनवर तिकीट काढूनच आत जावं लागे, त्यामुळे दारात सुट्ट्या पैशांची घासाघीस नसे. नवलखा, पलासिया, विजयनगर या तीन थांब्यांवर संध्याकाळचे तीन तास एक तिकीटवाला खाली उभा केला तरी पुष्कळ काम होईल. दुसरी, फलाट बसच्या पायरीइतका उंच असणं. गुडघे दुखणाऱ्या बाईला विचारा, की रस्त्यावरून बसमध्ये चढायला किती वेळ लागतो आणि मागचे लोक काय बोलतात.

आता हे मागायचं कुणाकडे? इथे बहुतेक निवेदनं वाट चुकतात. शहरातल्या बस अटल इंदूर सिटी ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस या २००५ साली स्थापन झालेल्या कंपनीकडून चालतात, आणि ती प्रत्यक्षात गाड्या खासगी ठेकेदारांकडून चालवून घेते. राज्याचं परिवहन महामंडळ केव्हाच गुंडाळलं गेलं, त्यामुळे गावोगावच्या बस खासगी परमिटवर धावतात. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे स्टेज कॅरेजचं, म्हणजे थांब्याथांब्यावर प्रवासी घेणाऱ्या बसचं, परमिट प्रादेशिक परिवहन प्राधिकरण देतं, आणि वेळापत्रक ही त्या परमिटची अट असू शकते. म्हणजे 'बस वेळेवर येत नाही' ही नुसती कुरकुर न राहता परमिटच्या अटीच्या भंगाची तक्रार होऊ शकते, आणि तुमची वही तिचा पुरावा. म्हणून निवेदनाच्या दोन प्रती करा: एक सिटी बस कंपनीला, एक परिवहन कार्यालयाला. राज्य मंत्रिमंडळानं एप्रिल २०२५ मध्ये मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा या राज्याच्या बस योजनेला मंजुरी दिली आहे. तिसरी प्रत आमदारांमार्फत तिकडे जाऊ द्या.

त्या प्रतींमध्ये एक ओळ न विसरता घाला: बसच्या ठेकेदाराला पैसे किलोमीटरमागे मिळावेत. तिकिटाच्या गल्ल्यावर ज्याचं पोट आहे तो गाडी भरल्याशिवाय सोडणार नाही, आणि पुढे दुसरी गाडी दिसली की तिला गाठायला पळेल. मी राऊला पाहिलेल्या त्या तीन गाड्या अशाच एकत्र आल्या असणार. त्या ड्रायव्हरांचा दोष नाही, कराराचा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं मंजूर केलेल्या पीएम ई-बस सेवेत देशभरासाठी १०,००० बस आहेत, इंदूरच्या वाट्याला १५० ठरल्या, आणि त्या योजनेत मदत किलोमीटरमागेच दिली जाते. त्यातल्या काही या मार्गावर द्या, असं नाव घेऊन मागा. घाई यासाठी करा, की २०२८ चा सिंहस्थ जवळ आला की सगळ्यांचं लक्ष उज्जैनच्या रस्त्याकडे जाईल, आणि महूच्या बाजूला कुणी बघणार नाही.

रेल्वेचं कुणीतरी सुचवेलच. महूच्या मार्गावर राऊ, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर ही स्थानकं आहेत, पण तुम्हाला इंदूर स्टेशनला उतरून विजयनगरसाठी पुन्हा वाहन धरावं लागेल. मेट्रोचा ३१ मे २०२५ ला सुरू झालेला सहा किलोमीटरचा तुकडा गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर आहे, म्हणजे शहराच्या दुसऱ्याच टोकाला. दोन्ही तूर्त बाजूला ठेवा.

पासचं मात्र लिहा. एकच मासिक पास साध्या आणि एक्सप्रेस दोन्ही गाड्यांत चालला पाहिजे. तो चालला तर तुम्ही जी आधी येईल तिच्यात बसाल. नाही चालला, तर रिकामी साधी बस समोरून जाताना बघत एक्सप्रेसची वाट बघत राहाल.

आणि तुमचा थांबा. तुम्ही टाकलेल्या फोटोत थांबा म्हणजे एक खांब आहे, त्याच्या मागे गटार आणि पुढे ट्रक उभा. त्या ट्रकमुळे बस रस्त्याच्या मधोमध थांबते आणि तुम्ही दोन वाहनांच्या फटीतून तिच्याकडे धावता. पावसाळ्यात, संध्याकाळी सातनंतर, तिथे उजेड नसताना बाईमाणसानं हे रोज का करावं? दिवा, पंचवीस मीटर पार्किंगबंदी आणि रस्ता ओलांडायला पट्टे, या तीन गोष्टींना बस विकत घ्यावी लागत नाही, टेंडरची वाट बघावी लागत नाही. हा अर्ज वेगळा करा आणि आधी करा. शेवटची बस विजयनगरहून साडेदहाच्या आत नको, हेही त्यातच लिहा. रात्री परतीची खात्री नसली तर माणूस सकाळीच स्कूटर काढतो.

वहीसाठी रविवार आणि सणाचे दिवस टाळा, मंगळवार ते गुरुवार धरा. १४ एप्रिलच्या आसपास तर अजिबात नको, बाबासाहेबांच्या जयंतीला महूला देशभरातून माणसं येतात आणि सगळे आकडे बदलतात. रकाने आखलेलं कोरं पान मी तुम्हाला पाठवतो. दोघी-तिघी मिळून एकेक तास वाटून घ्या. पहिले पाच दिवस झाले की पानं मला दाखवा, अंतराची सरासरी काढून देतो, मग निवेदनाचा मसुदा बसून एकत्र करू.