पुस्तक विका, शेळी विकू नका

ताई, तुमचं पत्र आणि करारनाम्याचा मसुदा दोन्ही वाचले. वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. या ताई मुलांसाठी 'गर्दीत शोधा' प्रकारचं पुस्तक चितारत आहेत. एसटी स्टँड, भाजी मंडई, जेजुरीची यात्रा अशी १२ दुपानी चित्रं, आणि प्रत्येकात लाल गोंड्याची एक शेळी कुठेतरी लपलेली. चार चित्रं तयार आहेत. प्रकाशक म्हणतो, साडेतीन लाख एकरकमी घ्या आणि चित्रांचे व पात्राचे सगळे हक्क कायमचे द्या. नाहीतर एक लाख आगाऊ (ते पुढे रॉयल्टीतून वळते होणार) आणि ३५० रुपये छापील किमतीवर ८ टक्के रॉयल्टी घ्या. पहिली आवृत्ती ३,००० प्रतींची. साडेतीन लाख घेऊन गृहकर्जात भरावेत का, असा ताईंचा प्रश्न आहे.

आधी हिशोब. ८ टक्क्यांनी एका प्रतीमागे २८ रुपये पडतात. पहिली आवृत्ती पूर्ण खपली तर ८४ हजार, म्हणजे आगाऊ लाखही फिटत नाही. साडेतीन लाख गाठायला १२,५०० प्रती खपायला हव्यात. मराठी बालपुस्तकासाठी हा आकडा मोठा आहे, आणि त्यावर घर चालवण्याचा सल्ला मी देणार नाही. नुसतं गणित केलं तर एकरकमी रक्कमच जिंकते.

पण दुसरं एक गणित तुम्ही पत्रात केलेलं नाही. एका चित्राला तुम्हाला पाच आठवडे लागतात, म्हणजे बारा चित्रांना ६० आठवडे, जवळजवळ १४ महिने. साडेतीन लाखांना १४ ने भागलं की महिन्याला २५ हजार येतात. या २५ हजारांत तुमची मेहनत तर जातेच, शिवाय ती शेळीही जाते. पुढे ती वहीवर, दप्तरावर, कार्टूनमध्ये आली तरी तुम्हाला एक पैसा मिळणार नाही. आपल्याकडे कॉपीराइट निर्मात्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. तुम्ही ३८ वर्षांच्या आहात. तुमच्या मुलीच्या उतारवयापर्यंत पोचणारा हक्क २५ हजार महिन्याच्या कामात फुकट जोडून मागितला जातोय, हे मला अजिबात पटत नाही.

ब्रिटिश चित्रकार मार्टिन हँडफर्ड यांचा गर्दीत हरवणारा वॉली १९८७ मध्ये पहिल्यांदा पुस्तकात आला. त्याचे हक्क त्यांनी एका कंपनीला विकले ते २००७ मध्ये, २५ लाख पौंडांना. विकणं चूक नाही. पण वीस वर्षांत पात्राची किंमत सगळ्यांना कळली होती. तुमच्या शेळीची किंमत आज ना तुम्हाला ठाऊक, ना प्रकाशकाला. किंमत न ठरलेली वस्तू कायमची विकायची घाई कशाला?

म्हणून तिसरा प्रस्ताव द्या. फक्त छापील पुस्तकाचा हक्क, मराठी आणि हिंदीत, भारतापुरता, सात वर्षांसाठी. त्याचे अडीच लाख, तीन हप्त्यांत. पहिल्या ५,००० प्रतींवर रॉयल्टी नको, पुढे ५ टक्के. समजा १२,५०० प्रती खपल्याच, तर तुमच्या हाती ३ लाख ८१ हजार येतील; नाही खपल्या तरी अडीच लाख तुमचेच. पात्र, खेळणी, अॅनिमेशन आणि मूळ चित्रांचे कागद तुमच्याकडे राहतील.

हे सगळं करारात लिहिलेलंच हवं. पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम सांगणाराच ठरतो, असं आपला कॉपीराइट कायदा म्हणतो. उरलेली आठ चित्रं प्रकाशकाच्या सांगण्यावरून होणार आहेत, त्यामुळे रॉयल्टीचा पर्याय घेतलात तरी चित्रांची मालकी तुमचीच, असं कलम हवंच. करारात हक्कांची मुदत लिहिली नाही तर कायद्याने ती पाच वर्षं धरली जाते, पण तुमच्या मसुद्यात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जग' असं स्पष्ट छापलंय. ते दोन शब्द खोडायला लावा.

गृहकर्जाचं म्हणाल तर १४ लाखांच्या बाकीवर ८.५ टक्के व्याज आहे. अडीच लाख भरलेत तर पहिल्या वर्षी साधारण २१ हजार व्याज वाचेल. बरं वाटतं, पण तुमच्या घरात आज दोनच महिन्यांच्या खर्चाची शिल्लक आहे आणि तुमचं उत्पन्न हप्त्याहप्त्याने येणार. कर्जात गेलेला पैसा अडचणीत परत मागता येत नाही. आधी सहा महिन्यांचा खर्च मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात (पैसे चटकन काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात) बाजूला काढा, उरलं तर मुद्दलात भरा. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड नसतो, त्यामुळे पुढच्या वर्षीही भरता येईल.

प्रकाशक पैसे देतानाच १० टक्के कर (टीडीएस) कापेल. तो विवरणपत्रात वळता करून घ्या. जुन्या करप्रणालीत पुस्तकाच्या लेखकाला अशा मानधनावर ३ लाखांपर्यंत वजावट आहे, नव्या प्रणालीत नाही. तुमच्या पुस्तकाला ती लागू होते का, हे सीएंना विचारूनच प्रणाली निवडा.

प्रकाशक पात्रावरच अडून बसला, तर माझं मत स्पष्ट आहे: नकार द्या, शाळेतली नोकरी चालू ठेवा आणि दुसरीकडे दाखवा. मात्र पुढच्या बैठकीआधी तयार चारही चित्रं स्कॅन करून तारखेसह स्वतःलाच ईमेल करून ठेवा. ती करारापूर्वीची आहेत, हे दाखवायची वेळ आली तर तोच पुरावा हाताशी असेल.