जुना पिकअप घेताना इंजिन थंड असतानाच पाहा

जुना डिझेल पिकअप घ्यायचे तुम्ही ठरवले असेल, तर गाडी पाहायला सकाळी लवकर जा आणि आपण पोहोचेपर्यंत ती सुरू करू नये असे मालकाला आधीच सांगून ठेवा, कारण गरम इंजिन आपले बरेच दोष लपवते. गाडी सुरू झाल्यावर ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहा. तिथून धूर जोराने बाहेर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात आणि इंजिनकामाचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. सायलेन्सरमधून येणारा निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. मागचे पाटे, म्हणजे वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, सपाट झालेले असतील, तर गाडीने क्षमतेपेक्षा जास्त माल वाहिला असण्याची दाट शक्यता आहे. अशी गाडी मी स्वतः घेणार नाही.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक मानक) डिझेल गाड्यांत सहसा काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग, चांगल्या वेगाने धावावी लागते, म्हणून केवळ शहरातल्या थांबत-थांबत होणाऱ्या फेऱ्यांसाठी सीएनजीचा विचार अवश्य करा. फिटनेस प्रमाणपत्राची मुदतही तपासा; ८ वर्षांनंतर ते दरवर्षी घ्यावे लागते.