पंप १४ आहेत, पण चालवणार कोण?

तुम्ही टाकलेला तक्ता दोनदा वाचला. नागरिक समितीवर तुमची नवीन नेमणूक झाली आणि शहराच्या बांधकाम विभागाने वादळपूर्व तयारीची दोन पानी टिपणी हातात ठेवली. मंजूर पदे २१२, पंप १४, डंपर ९, जेटिंग मशीन (जोराच्या पाण्याने गटार साफ करणारी) २, जनरेटर ६ आणि खाली ठळक अक्षरांत ‘सर्व यंत्रणा सज्ज’. यावर विश्वास ठेवायचा का, आणि नसेल तर नेमकं काय विचारायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी अशा विभागात नोकरीची बहुतेक वर्षं काढली. असे तक्ते स्वतः तयार करून वर सहीला पाठवलेत. तक्ता सहसा खोटा नसतो. स्टोअरमध्ये आणि आस्थापनेच्या रजिस्टरात काय आहे ते तो सांगतो. रात्री दोन वाजता पाणी चढायला लागल्यावर काय होणार, याबद्दल मात्र त्यात एक अक्षर नसतं. तुमचे प्रश्न तिथूनच सुरू झाले पाहिजेत.

माणसांपासून सुरुवात करू, कारण यंत्रांवर बोलायला सगळ्यांना आवडतं आणि माणसांचा विषय आला की बैठकीत चहा येतो. ‘मंजूर पदे’ हा शब्द नीट बघा. मंजूर, भरलेली आणि प्रत्यक्ष रस्त्यावर उतरणारी, हे तीन वेगळे आकडे आहेत. रिक्त पदं वजा करा, कार्यालयात बसणारे वजा करा, दुसऱ्या विभागात ‘तात्पुरते’ गेलेले आणि कधीच परत न आलेले वजा करा. उरलेल्यांत पंप चालवता येणारे किती, जड वाहनाचा परवाना असलेले चालक किती, ते विचारा. बिगारी कितीही असले तरी डंपर चालकाशिवाय हलत नाही.

आता पाळ्यांचा हिशेब. आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४८ तास काम करतो असं धरलं, तर एकच जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण धरलं की चारच्या वर जातं. वादळात आपण बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या लावतो, तेव्हा १४ पंपांवर प्रत्येकी दोन माणसं म्हणजे २८ आणि दोन पाळ्यांची मिळून ५६. पंप चालवणारी ५६ माणसं त्या यादीत आहेत का? माझा अंदाज विचाराल तर निम्मीही नसतील. मग होतं काय, तर पहिल्या रात्री सगळे जीव तोडून काम करतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, जेव्हा नदीचं पाणी खऱ्या अर्थाने शहरात येतं, तेव्हा उभं राहायला कोणी नसतं. छत्तीस तास जागा असलेला माणूस चालत्या पंपाच्या पट्ट्यात हात घालतो. हे मी पाहिलंय.

आणखी एक गोष्ट कोणी विचारत नाही. हे कर्मचारी राहतात कुठे? बरेचदा त्याच सखल वस्त्यांत, जिथे पहिलं पाणी भरतं. घरात गुडघाभर पाणी, म्हातारी आई आणि पोरं माळ्यावर, अशा अवस्थेत कामावर ये म्हणणाऱ्या साहेबाला तो काय उत्तर देणार? ज्या विभागाने कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांची सोय आधी केली, त्याची हजेरी पूर्ण भरते. त्यांना रस्ते बंद व्हायच्या आत बोलवावं लागतं, झोपायला कोरडी जागा आणि दोन वेळचं जेवण द्यावं लागतं. टिपणीत ‘भोजन व विश्रांती’ असं काही कलम आहे का बघा. नसेल तर ती टिपणी रस्त्यावरची पाळी न केलेल्या माणसाने लिहिली आहे.

माझा एक किस्सा. एका वर्षी आमच्याकडे पंप होते, डिझेल होतं, माणसंही वेळेवर आली. होसपाइप मात्र मुख्य स्टोअरमध्ये आणि स्टोअरची किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात. तो राहायचा नदीपलीकडे, आणि पूल रात्री दहालाच बंद झालेला. कुलूप तोडायची परवानगी कोणी द्यायची यावर तासभर फोनाफोनी चालली. शेवटी आमच्या मुकादमाने पहार घातली, नंतर त्याच्यावर खुलासा मागणारं पत्रही निघालं. त्यानंतर किल्ल्यांचा दुसरा जुडगा नियंत्रण कक्षात आला. तुमच्या तक्त्यात किल्लीचा रकाना नसणारच, पण तोंडी विचारा.

माणसं नसली की काय होतं याचं सगळ्यात कडू उदाहरण २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळातलं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराला लागून असलेल्या जेफरसन पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे तिथला जिल्हा) वादळापूर्वी ठरलेल्या योजनेनुसार पंपचालकांना दीडशे किलोमीटरहून जास्त लांब सुरक्षित जागी हलवलं. योजना कागदावर चोख होती, माणसं वाचली. पंप मात्र चालवायला कोणी नाही म्हणून बंद राहिले आणि वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. पुढे तिथल्या पंपिंग स्टेशनांवर चालकांसाठी वादळ झेलणाऱ्या मजबूत खोल्या बांधल्या गेल्या. माणूस वाचवायचा आणि पंपही चालू ठेवायचा, तर हाच मार्ग.

आता १४ पंपांकडे येऊ. तुमच्यासाठी साधं गणित करतो. एक हेक्टर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. ताशी ५० मिमी पाऊस पडला तर हेक्टरी ५०० घनमीटर. डांबर-काँक्रीटच्या शहरात त्यातलं ८० टक्के वाहून येतं असं धरा, म्हणजे तासाला ४०० घनमीटर. १५० मिमी व्यासाचा, ट्रॉलीवरचा चांगल्या स्थितीतला डिझेल पंप कमी उंचीवर तासाला २०० घनमीटरच्या आसपास उपसतो. एका हेक्टरला दोन पंप. तुमचे १४ च्या १४ चालले तरी सात हेक्टर! म्हणजे हे पंप शहर कोरडं ठेवण्यासाठी नाहीतच. ते भुयारी मार्ग, रुग्णालयाचं तळघर, एखादा खोलगट चौक अशा ठरलेल्या जागांसाठी आहेत. म्हणून ‘पंप किती’ यापेक्षा ‘कोणता पंप कुठे, आणि त्याचं पाणी सोडणार कुठे’ हे विचारा. भुयारी मार्गातलं पाणी उपसून शेजारच्याच तुडुंब चेंबरमध्ये सोडणारा पंप मी दिवसभर चालताना पाहिलाय. तेच पाणी गोल गोल फिरत होतं.

पंपाच्या जागेबद्दलही सांगतो. जमिनीवरचा पंप पाणी ‘खेचतो’ ते खरं तर हवेच्या दाबामुळे वर चढतं. त्याला निसर्गाचीच मर्यादा आहे, साधारण १०.३ मीटर, आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरपुढे पंप नुसता घुरघुरतो. त्यामुळे पुलाच्या कठड्यावरून खोल भुयारात पाइप सोडून भागत नाही. पाइपच्या पाण्यातल्या टोकाला असणाऱ्या झडपेच्या, म्हणजे फूट व्हॉल्व्हच्या, जाळीत प्लास्टिक अडकलं की तोच खेळ. जाळी साफ करायला एक माणूस पूर्णवेळ लागतो, तो वर धरलेल्या दोघांतला एक.

इंधन. असा पंप तासाला सहाएक लिटर डिझेल पितो. १४ पंप, चोवीस तास, म्हणजे २००० लिटर. ते कुठल्या टाकीत आहे? ‘पेट्रोल पंपाशी करार आहे’ हे उत्तर पुरेसं मानू नका. वीज गेली की पेट्रोल पंपही बंद पडतो, त्याच्याकडे जनरेटर आहे का? जनरेटरचा विषय निघाला म्हणून, ऐन वेळी जनरेटर सुरू न होण्याचं नेहमीचं कारण इंजिन नसतं, बॅटरी असते. आणि आठवड्याला पाच मिनिटं मोकळा फिरवून ‘चाचणी झाली’ असा शेरा मारलेला जनरेटर प्रत्यक्ष भार टाकल्यावर बसतो. चाचणी भारावर झाली का, किती वेळ झाली, लॉगबुकमध्ये बघा. सलग सहा महिने एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात भरलेलं लॉगबुक दिसलं तर काय समजायचं ते तुम्ही समजाल.

यंत्रांच्या बाबतीतला धडाही न्यू ऑर्लिन्सचाच. ५ ऑगस्ट २०१७ ला तिथे कुठलंही चक्रीवादळ नव्हतं, नुसता पाऊस. काही भागांत तीन-चार तासांत २०० मिमीहून जास्त पडला. पहिल्यांदा सांगितलं गेलं की सगळी पंपिंग स्टेशनं व्यवस्थित चालू होती. मग काही दिवसांत उघड झालं की बरेच पंप नादुरुस्त होते आणि त्यांना वीज देणाऱ्या टर्बाइनही पुऱ्या क्षमतेत नव्हत्या. तिथले जुने पंप तेव्हा २५ हर्ट्झ वारंवारतेच्या विजेवर चालायचे आणि बाहेरचा पुरवठा ६० हर्ट्झचा, त्यामुळे सरळ तार जोडून उसनी वीज घ्यायचीही सोय नव्हती. वरिष्ठांना पदं सोडावी लागली. पंपांचा आकडा त्या दिवशीही कागदावर पूर्णच होता.

तरीही, माझ्या मते पैसा आणि लक्ष पंपांपेक्षा गटारांवर जायला हवं. रस्त्यावर तुंबणारं पाणी पुष्कळदा मोठ्या नाल्यापर्यंत पोचलेलंच नसतं, ते कडेच्या जाळीवर पानं, पिशव्या आणि बांधकामाच्या वाळूने अडलेलं असतं. दोन बिगारी आणि एक फावडं यांनी जे सुटतं त्यासाठी पंप मागवला जातो. गोल पाइपमध्ये व्यासाच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत गाळ बसला तर जवळपास ३० टक्के जागा गेली, शिवाय खडबडीत गाळामुळे वेग कमी होतो तो वेगळा. पण नालेसफाई मोजली जाते डंपरच्या फेऱ्यांत आणि टनांत. फेऱ्या मोजू नका. सफाईनंतर नाल्यात गाळ किती सेंटिमीटर उरला ते मोजायला लावा, चार-सहा ठिकाणी काठी घालून, तुमच्यासमोर. आणि काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवलाय का तेही बघा, कारण पहिल्या सरीत तो परत आत जातो आणि पुढच्या वर्षी त्याचंच बिल पुन्हा निघतं.

गटारांनाही मर्यादा असते हे मान्य करून बोलावं, नाहीतर आपण कर्मचाऱ्यांवर अन्याय करतो. रस्त्यांची गटारं साधारण दोन ते दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी आखलेली असतात. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिमीच्या हिशेबाने केलेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला आणि त्यात समुद्राला भरती. अशा वेळी नाल्याचं तोंडच बंद होतं, सफाई कितीही चोख असो. तिथे प्रश्न वेगळे पडतात. कोणत्या वस्त्या कधी रिकाम्या करायच्या, भुयारी मार्ग किती पाण्यावर बंद करायचा, अडथळे लावायला कोण जाणार.

पडलेल्या झाडांबद्दल थोडक्यात. तारेवर पडलेल्या झाडाला वीज कंपनीने लाइन बंद केल्याचं सांगितल्याशिवाय करवत लावायची नाही, आणि बंद लाइनसुद्धा कुणाच्या घरच्या जनरेटरमुळे उलटी जिवंत होऊ शकते. म्हणून वीजवाला आणि झाडवाला एकाच गाडीत हवेत, दोन विभागांच्या दोन पत्रांत नकोत. वारा ताशी ५५-६० किलोमीटरच्या पुढे गेला की फांद्या तोडायला माणसाला वर उचलणारी बकेटची गाडी खाली घ्यावी लागते. त्या तासांत ‘विभाग झोपलाय का’ म्हणून फोन करू नका.

कंत्राटदारांकडे मात्र बारकाईने बघा. तक्त्यातले ९ डंपर विभागाचे की भाड्याचे? भाड्याचे असतील तर तोच कंत्राटदार पाणीपुरवठा आणि घनकचरा विभागांच्या तक्त्यातही आहे का? मी एकच जेसीबी तीन विभागांच्या ‘सज्ज’ यादीत पाहिलाय. नंबरप्लेट जुळवल्यावर कळलं. दर आणि प्रतिसादाची वेळ आधी ठरलेली वर्क ऑर्डर असेल तरच तो डंपर धरा, नाहीतर वादळाच्या दिवशी तो जास्त पैसे देणाऱ्या खाजगी सोसायटीचं तळघर उपसत असेल.

‘नागरिक म्हणून आम्ही काय करू’ असंही विचारलंत. घरासमोरची जाळी मोकळी ठेवा, तेवढं खूप झालं. पाणी लवकर उतरावं म्हणून मॅनहोलचं झाकण मात्र कोणालाही उघडू देऊ नका. गढूळ पाण्यात उघडं तोंड दिसत नाही आणि त्यात माणसं गेली आहेत. आतला वायू वेगळाच. साफसफाईसाठी माणूस आत उतरताना दिसला तर काम तिथेच थांबवायला सांगा, जेटिंग मशीन असताना ‘दुसरा इलाज नाही’ हे कारण चालत नाही.

पुढच्या बैठकीत भांडू नका. हाच तक्ता परत द्या आणि प्रत्येक यंत्रासमोर चार रकाने वाढवून मागा: शेवटचं भारावर कधी चालवलं, वादळात कुठे उभं राहणार, कोण चालवणार, आणि तो आला नाही तर कोण. पदनाम नको, नाव आणि फोन लिहायला सांगा, म्हणजे त्या माणसालाही कळेल की आपलं नाव तिथे आहे. मग एखाद्या रविवारी संध्याकाळी, आधी न सांगता, त्यातला कुठलाही एक पंप ठरलेल्या जागी आणून चालवून दाखवायला सांगा आणि घड्याळ लावा. भरलेला तक्ता आला की फोन नंबर झाकून इथे टाका, लॉगबुकच्या दोन-चार पानांचे फोटो जमले तर तेही. बघून सांगतो.